माहेरचा जमादार

१२ ऑगस्ट २०२४

चि. गहिनीनाथ,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसत नाही. कामाचं आधी सांगते. मागच्या भाऊबीजेला तू जी बदकांची जोडी पाठवलीस, तिच्यातला नर मला घरात नको झालाय. त्याला दुसऱ्या घरी द्यायचा की नाही, हे तू सांगायचं आहेस.

बदकाचं काय विचारायचं, असं तुझ्या मनात येईल. पण आपल्या आईची रीत तू विसरला नसशील. माहेरून आलेलं जितं दान, मग ती गाय असो की शेळी, भावाच्या शब्दाशिवाय दाराबाहेर काढायचं नाही. आणि भावाला परतही करायचं नाही. परत केलं म्हणजे नातं तोडलं. आईनं कपिला गाय आटल्यावरसुद्धा मामांना विचारल्याशिवाय विकली नव्हती. मामा सहा महिने "बघू, बघू" करत राहिले आणि आपण दोघं तिला चारा घालत राहिलो. तेव्हा मी ठरवलं होतं की मला भावानं जनावर दिलंच तर ते मरेपर्यंत सांभाळायचं, विचारायची पाळीच आणायची नाही. पण बदकं किती वर्षं जगतात हे तेव्हा मला माहीत नव्हतं. परवा विचारलं. दहा-दहा वर्षं जगतात म्हणे.

भाऊबीजेला तू आला नाहीस. तुमच्या धर्मापुरीच्या बंकटची जीप आली. त्यानं डालगं उतरवलं, वरचं पोतं बाजूला केलं, आत दोन पिवळी पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली. मी विचारलं, "गहिनी कुठाय?" बंकट आपला खाली बघतोय. "आक्का, दादानं सांगितलंय, हातात द्यायचं अन् निघायचं. च्या बी प्यायचा न्हाई." मी त्याला दोन कप पाजले आणि मगच सोडला.

पिल्लं होती तोवर ठीक होतं. आता नराच्या शेपटीवर एक पीस वर वळलंय, आवाज बसलाय, आणि अंगात वारं शिरलंय. आम्ही त्याला जमादार म्हणतो. छाती काढून फाटकाशी उभा असतो आणि येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतो. मान जमिनीला समांतर करतो, फुसकारतो आणि थेट पोटरी धरतो. नुसतं चावत नाही, कातडी चोचीत धरून पिळतो आणि वरून पंखांनी बडवतो. पोस्टमन आता गाडीवरून उतरत नाही, कुंपणावरून कागद फेकतो. शेजारच्या आप्परावांना दोनदा प्रसाद मिळाला. ते रोज कुंपणापाशी येऊन सांगतात, "वहिनी, तुमी फकस्त हो म्हणा. मसाला माझ्या घरचा." मला तर तो सकाळी शेण काढताना नेमानं चावतो. मी अंगणवाडीत एकवीस वर्षं चावरी पोरं सांभाळली आहेत, त्यामुळे मी काही घाबरत नाही. पण पोराच्या आईला बोलावून घेता यायचं, इथं कुणाला बोलवू?

फोन का केला नाही, असं म्हणशील. तुझ्या धनूच्या लग्नाची पत्रिका ज्या दिवशी मोबाईलवर आली, त्या दिवशी मी ठरवलं की तुझ्याशी मोबाईलवर बोलायचं नाही. माझं ठरलेलं म्हणजे काय, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

पाकिटात राखी आहे. कुणाकडूनही बांधून घे, बायको सोडून.

तुझे दाजी मजेत आहेत. अंगणात बाजेवर बसून असतात.

तुझी,
आक्का


२७ ऑगस्ट २०२४

गहिनीनाथ,

उत्तर पोचलं. पत्राला पत्रानं उत्तर द्यावं एवढं आपल्या मास्तरांनी तुला शिकवलं होतं, पण तू बंकटच्या तोंडी दिलंस. त्यानं नेकनूरच्या नाक्यावर जीप उभी केली, हात बांधले आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "दादा म्हणतेत, माहेरचं दान हाय, जोडी फोडायची न्हाई. अन् म्हणतेत, धनूच्या लग्नाला पाठ फिरवली तवा रीत कुठं गेलती?"

मागच्या सीटवरच्या दोन बायका कान देऊन ऐकत होत्या. बरं केलंस. नेकनूर परिसरात ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनाही कळलं.

तर आता लग्नाचंच बोलू. गेल्या वर्षी मे महिन्यात तू नेकनूरला आला होतास. सुंदररावांच्या बंगल्यावर. पुढाऱ्याच्या हातात पत्रिका दिलीस, वर हळदीकुंकवाचं बोट लावून, त्यांच्याकडे सरबत प्यायलास. तिथून माझं घर तीन किलोमीटर. मला हे संध्याकाळी चक्कीवर कळलं आणि रात्रीच्या जेवणाआधी तुझी पत्रिका मोबाईलवर आली. खाली हात जोडलेलं चित्र. सासरी असलेल्या बहिणीला लग्नाला न्यायला माणूस येतो, गहिनी. मूळ येतं. आत्याला तर येतंच येतं. मी पिशवी भरून तीन दिवस बसले होते. धनूसाठी चार महिने वाकळ शिवली होती, ती पिशवीत सगळ्यात वर ठेवली होती. तुझे दाजी म्हणाले, "चल की. आपलंच घर हाय. कावून वाट बघतीस?" मी म्हटलं, येईल माणूस. नाही आला. मी पिशवी सोडली आणि वाकळ पेटीत टाकली.

हे सगळं एकदा लिहायचंच होतं. झालं. आता जमादार.

मी मादीला घेऊन नेकनूरला जनावरांच्या डॉक्टरकडे गेले होते. तिची मान बघवत नाही. नर तिच्या मानेची पिसं धरून तिच्यावर चढतो, दिवसातून दहादा. मान पार उघडी पडली आहे, वर रक्ताच्या खपल्या. डॉक्टर तरुण आहे, हसरा आहे. त्यानं विचारलं, "मावशी, जोडी कुणी दिली?"

"भावानं."

"आहेर म्हणून?"

"हो."

"तरीच. आपल्याकडं काहीबी द्यायचं म्हणलं की जोडी. बैलाची जोडी, कोंबड्याची जोडी. पण बदकात तसं नसतंय. एका नराला पाच-सहा माद्या लागतेत. एकच असली की तिचे हाल हाल होतेत, अन् उरलेला सगळा जोर तुमच्या पायावर."

ऐकलंस? तू शुभ बघून दिलंस, तेच चुकलं. तुला कळलं नाही, मला कळलं नाही, बाजारात विकणाऱ्यालाही "जोडी द्या" म्हटल्यावर त्यानं जोडीच दिली. यात मी तुला बोल लावत नाही. मीच तुझ्या जागी असते तर अकरा रुपये वर ठेवून जोडीच दिली असती.

डॉक्टर म्हणाला, पाच माद्या आणखी आणा नाहीतर नर द्या. पाच माद्या आणायला माझ्याकडे एक हौद आहे, आणि मार्च लागला की त्या हौदाला मी कुलूप लावायचं तेवढं बाकी ठेवते. नर द्यायला मात्र जागा आहे. केजच्या अलीकडे शहादेव म्हणून एक जण आहे. त्याच्या शेततळ्यावर आठ माद्या आहेत आणि त्याचा नर कोल्ह्यानं नेला. खायला नको, ठेवायला हवाय. डॉक्टर त्याला ओळखतो.

म्हणजे सगळं ठरलेलं आहे, फक्त तुझा एक शब्द अडलाय. मी थांबणारी बाई नाही, पण याच्यासाठी थांबले आहे. लवकर कळव. काठी आपटली की तो जास्तच चवताळतो, हे आणखी एक.

कुणाची काठी, हे विचारू नकोस.

आक्का


१० सप्टेंबर २०२४

गहिनी,

आज एक गंमत झाली आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीय. पण ती सांगायची तर आधी दुसरं सांगावं लागतं.

तुझ्या दाजींना जानेवारीत झटका आला. संक्रांतीच्या चौथ्या दिवशी, सकाळी दात घासताना. डावा हात, डावा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. बीडला बारा दिवस होतो. हात आता बराच आलाय, बोलणं अडखळत येतं, पाय ओढत टाकतात. चार टोकांची काठी आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, अंगणात सकाळ-संध्याकाळ वीस-वीस फेऱ्या, चुकवायच्या नाहीत, नाहीतर पाय कायमचा असाच राहील.

नेकनूरला हे सगळ्यांना ठाऊक आहे. बंकटलाही. त्याला मी त्याच्या लेकीची शपथ घातली आहे की धर्मापुरीत बोलायचं नाही. का, ते तुला कळेल. तू आजारपण ऐकलं असतंस तर त्याच दिवशी आला असतास, मला खात्री आहे. मोसंबी घेऊन. पण आजारपणाला आलेला भाऊ मला नको होता. मला मानानं आलेला भाऊ पाहिजे होता. मी अशी आहे, काय करणार.

तर जमादार. ओढत टाकलेल्या पायाचा फरफर आवाज आला की तो पिसाळतो. त्याला काय वाटतं कुणास ठाऊक. दाजी बाजेवरून उठले की तो फाटक सोडून इकडे धावतो. ते काठी आपटतात, तो काठीला चावतो. त्यांचा तोल जातो, ते बसतात. जुलैपासून फेऱ्या बंद पडल्या होत्या. मी दाराआड कोंडते त्याला, पण तो कुडाखालून वाट काढतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं की दाजी बाजेवर बसून असतात, ते खरं होतं. मजेत आहेत हे खोटं होतं.

आज दुपारी मी दळण आणायला गेले होते. आले तर बाज रिकामी, काठी बाजेला टेकवलेली, आणि दाजी हौदाशेजारी चिखलात बसलेले. मांडीवर मादी, धोतर भिजलेलं आणि हसतायत. झालं असं की जमादारानं मादीला हौदात दाबून धरलं होतं, तिचं डोकं पाण्याखाली. यांनी बाजेवरून आरडाओरडा केला, कुणी आलं नाही. मग उठले. बाजेपासून हौद अकरा पावलं आहे, गहिनी. मी नंतर मोजली. आठ महिन्यांत काठीशिवाय एक पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. मला म्हणाले, "जमा... दार... हरला." मी तिथंच चिखलात बसले आणि रडले. आनंदानं रडले, उगीच दुसरं काही समजू नकोस.

आता गंमत अशी की तेव्हापासून त्यांना जोर चढलाय. संध्याकाळी स्वतःहून उठले. काठी उगारून जमादाराच्या मागं तीन फेऱ्या मारल्या. तो पुढे, हे मागे, मग हे पुढे, तो मागे. आप्परावांनी कुंपणावरून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, बीडच्या डॉक्टरला जमलं नाही ते या बदकाला जमलं. राहू दे त्याला. तुझा शब्द येईल तेव्हा येईल.

आणखी एक. काल बंकट भेटला. मीच त्याला विचारलं की दादा त्या दिवशी नेकनूरवरून तसाच परत का गेला. तो म्हणाला, "आक्का, दादा म्हणतेत, पत्रिका परक्याला द्यायची असती. आक्काला कसली पत्रिका? मोबाईलवर तर धनूनं टाकली, तारीख कळावी म्हणून." मग जीपचं स्टेअरिंग पुसत पुसत त्यानं दुसरं सांगितलं. हळदीला दोन घंटे सगळे थांबलते. पहिली हळद आत्यानं लावायची म्हणून तुझा हट्ट. भटजी ओरडले, व्याही ओरडले. शेवटी तू धनूला म्हणालास, तूच तुझ्या हातानं लाव, पण आक्काच्या जागी दुसरी कुणी बसणार न्हाई.

हे मला सव्वा वर्षानं कळतंय. तीन दिवस मी इथे पिशवी भरून बसले होते आणि तिथे तू माझा पाट मोकळा ठेवून बसला होतास. आपल्या दोघांना कुणीतरी एकेक चापट मारायला पाहिजे होती, पण आई राहिली नाही.

आक्का

पत्र वाचून पाहिलं. पाठवत नाही. आजारपणाचं त्यात फार आलंय.


२६ सप्टेंबर २०२४
बीड, दवाखाना

गहिनी,

दाजींच्या डाव्या पोटरीवरची जखम चिघळली आहे. त्यांना शुगर आहे, ती आधीपासूनच, आणि झटक्यानंतर त्या पायाला स्पर्श कळत नाही. जमादार चावत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. ते काठी उगारून त्याच्या मागं फेऱ्या मारत होते, हसत होते, आणि तो मागून येऊन त्याच पोटरीला धरत होता. मोजून सात ठिकाणी. त्यातल्या दोन जखमा पिकल्या.

खरं लिहायला बसले आहे तर सगळंच लिहिते. पहिली जखम मला चौदा तारखेलाच दिसली होती. आंघोळ घालताना. हळद लावली आणि फडकं बांधलं. त्याच दिवशी त्याला पोत्यात घालून शहादेवकडे पोचवायला हवा होता. पोचवला नाही, कारण तुला विचारलं होतं आणि तुझं उत्तर यायचं होतं. मला वाटत होतं की जमादार दारात आहे तोवर आपलं काहीतरी चालू आहे. भांडण का असेना. तो गेला की तुला लिहायला माझ्याजवळ काही उरणार नाही. म्हणून मी माझ्या नवऱ्याचा पाय आठ दिवस त्या बदकापुढे ठेवला. बावीस तारखेला पाय सुजून लाल झाला तेव्हा माझे डोळे उघडले.

डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून झापलं. आणखी चार दिवस गेले असते तर बोटं काढावी लागली असती म्हणाले. मी एक शब्द बोलले नाही. तू मला बोलणं खाऊन गप्प बसलेलं कधी पाहिलंयस?

पाय वाचलाय. उद्या-परवा घरी सोडतील. दाजींनी शुद्धीवर आल्याआल्या एकच विचारलं, "मादी... बरी?" म्हणजे डोकं ठिकाणावर आहे.

आता विचारणं संपलं, गहिनीनाथ. तू हो म्हण, नाही म्हण, जोडी मोडते म्हण. जमादार जाणार. माझ्या घरात कुणाचा पाय राहायचा आणि कुणाची चोच, हे मी ठरवणार. आईची रीत मला माहीत आहे आणि मी ती मोडतेय, हेही माहीत आहे. आई असती तर तिनं मला काय म्हटलं असतं याचा मी दवाखान्याच्या बाकावर बसून खूप विचार केला. ती म्हणाली असती, अगं भवाने, अजून दिला नाहीस?

हेही पोस्टात टाकत नाही. का टाकत नाही, ते दोन दिवसांत ठरवते.

आक्का


१ ऑक्टोबर २०२४
धर्मापुरी, तुझी ओसरी

गहिनी,

तू रानात गेलायस. तुझी बायना म्हणाली सोयाबीन काढणं चालू आहे, मजूर लागलेत. तिनं मला फाटकात बघितलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "आक्का, तुमी? एकट्याच? कुणासंगं आलात?" मी म्हटलं, एस.टी.संगं. ती आत गेली आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. माझ्यावरून ओवाळला, पायावर पाणी घातलं, तेव्हा कुठे आत घेतलं. भावजयीनं रीत सोडली नाही. डोळे पुसत पुसत विचारत होती, "त्यास्नी फोन करू का?" मी म्हटलं, नको, येईल तेव्हा येईल. तिनं चहा ठेवलाय. तोवर तुझ्या ओसरीवर बसून हे लिहितेय, कारण तू समोर आलास की मी भांडायला लागेन आणि महत्त्वाचं राहून जाईल.

सोबत दोन पत्रं आहेत. पाठवली नव्हती. दहा सप्टेंबरचं आधी वाच, मग सव्वीसचं. त्यात दाजींचं सगळं आहे. ते परवा घरी आले, आज आप्पराव त्यांच्यापाशी बसलेत. मला साडेचारची गाडी गाठायची आहे.

जमादाराला सकाळी मी स्वतः पोचवला. पाय बांधून डालग्यात घातला, वर जुनं लुगडं. नेकनूरला एस.टी.त बसले तर कंडक्टर वाकून बघायला लागला. "मावशी, ह्यात काय हाय?" मी म्हटलं, माहेरचं दान. त्यानं लुगडं उचललं आणि बोट मागं घेतलं, पण उशीर झाला होता. केजपर्यंत तो माझ्या बाजूला फिरकला नाही.

शहादेव नाक्यावर गाडी घेऊन आला होता. तळं चांगलं आहे, गहिनी. पाणी आहे, कडेला बाभळी आहेत, रात्री कोंडायला दगडी खुराडं बांधलंय आता. मी पाय सोडले. जमादार छाती काढून पुढे झाला. नेहमीप्रमाणे मान खाली, फुसकारा. तेवढ्यात त्या आठ जणी तळ्यातून बाहेर आल्या, रांगेनं, कलकलाट करत. तो थबकला. त्यांनी त्याला घेरलं, एकीनं टोच मारली. आणि काय सांगू, आमचा जमादार माझ्या लुगड्यामागं येऊन लपला! इतके महिने ज्यानं माझ्या पायाची चाळण केली, तो माझ्याच पायाशी. शहादेव हसून हसून खाली बसला. म्हणाला, "आक्का, चार दिसात सरळ होतंय बघा. ह्याला कुणी विचारणारंच न्हवतं, म्हणून माजला होता."

मी त्याला पायानं पुढे सारला आणि मागे न बघता निघाले. वाईट वाटलं का? वाटलं. रोज चावणारा असला तरी तुझ्याकडून आलेला होता.

केजच्या स्टँडवर घराकडची बीडची गाडी लागलेली होती आणि तुझ्याकडची अंबाजोगाईचीही. मी बीडच्या गाडीत चढलेही होते. खिडकीत बसले आणि मनात आलं, आता घरी जाऊन पत्र लिहायचं. तुझ्या शब्दाशिवाय दान दिलं, म्हणून. मग ते बंकटकडे द्यायचं. मग बंकट इथे येणार, हात बांधून म्हणून दाखवणार, आणि तू त्याच्याच तोंडी काहीतरी परत पाठवणार. असंच करत आपण दोघं म्हातारे होणार. मी रिकामं डालगं उचललं आणि उतरले. बारा वाजता तुझ्या फाटकात होते. कुणी न्यायला आलं नाही, पत्रिका आली नाही, मूळ आलं नाही. आणि आले तर घर तिथेच होतं, वाट जरासुद्धा चुकले नाही.

आता तीन गोष्टी तुझ्यासमोर म्हणायच्या होत्या, त्या लिहून ठेवते, म्हणजे नंतर "असं मी बोललेच नाही" म्हणता येणार नाही.

धनूच्या लग्नाला मी यायला हवं होतं. दाजी चल म्हणत होते आणि मी उठले नाही. चूक माझी. तुझी पण आहे, पण माझी आधी लिहिते.

दाजींचं आजारपण मी तुझ्यापासून लपवलं, ते मानासाठी. त्याच मानासाठी त्यांचा पाय जाता जाता राहिला. याची मला स्वतःची लाज वाटते आणि ती कुणापुढे म्हणायची तर तुझ्यापुढेच.

आणि जोडी मी मोडली. मादी माझ्याजवळ आहे, तिच्या मानेवर बारीक पिसं यायला लागली आहेत. नर दिला. विचारून नाही, सांगून. आईच्या रीतीप्रमाणे आता नातं ठेवायचं की तोडायचं, हे तुझ्या हातात आहे. मला त्याची भीती वाटत नाही असं मी येताना गाडीत स्वतःला सांगत होते. खोटं आहे. वाटते. पण पाय आणि नातं यात मला पुन्हा निवडायला लागलं तरी मी हेच करेन, आणि हे मी तुझ्या तोंडावर सांगेन.

बायनाचा चहा आला. साखर जास्त घातली आहे, तिला अजून आठवतं. ती ओसरीच्या टोकाला उभी राहून रानाकडे बघतेय आणि माझ्याकडे बघायचं टाळतेय. मला कळायला नको का? मी नको म्हटलं तरी तिनं चुलीपाशी जाऊन तुला फोन केलाच आहे.

विहिरीकडच्या बांधावर कुणीतरी दिसतंय. डोक्याला टॉवेल. आपल्या आबांसारखा एक खांदा वर करून चालतो, तो तूच. विळा अजून हातातच आहे. पायात काही नाही.

अरे, पळतोयस कशाला? ढेकळं आहेत तिथं. हळू ये. साडेचारच्या गाडीनं मी जात नाही.